पाकिटावरची तारीख

पाकीट फटीत अर्धं गेलं होतं तेव्हा मला ती तारीख दिसली. वाचनालयाच्या दाराशी ठेवलेल्या मतपेटीची फट अरुंद आहे. पाकीट जरा तिरकं धरावं लागतं, आणि तिरकं धरलं की त्याची पाठ डोळ्यांसमोर येते. पाठीवर वडिलांची सही होती आणि सहीशेजारच्या चौकटींत त्यांचे ते फळ्यावर लिहिल्यासारखे उभे आकडे. चौदा मार्च एकोणीसशे एक्केचाळीस. बाहेर ऑक्टोबर चालला होता. पाकिटाचं खरं मानायचं तर माझ्या वडिलांनी ज्या दिवशी जन्म घेतला त्याच दिवशी मतदानही उरकून टाकलं होतं. मला हसू आलं. आधी हसूच आलं, हे मला नोंदवून ठेवायचंय. मी फिलाडेल्फियात एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीत बसते. एकवीस वर्षं दिवसभर माणसांना एकच विचारतेय, नाव काय, जन्मतारीख काय. म्हातारी माणसं तर मी तोंड उघडायच्या आत जन्मतारीख सांगून मोकळी होतात. एकांना विचारलं, दुखतंय कुठे, तर म्हणाले, सात जून अडतीस. तारखेचा रकाना दिसला की त्यांचा हात घोडा घराकडे वळावा तसा तिकडे वळतो. तर हसू आलं आणि मग तोंडावर तसंच राहून गेलं, कारण तारीख चुकलेलं पाकीट उघडतच नाहीत. आत कोण आहे, कोणाच्या बाजूचं आहे, कोणी बघत नाही. बाजूला काढून ठेवतात. महिनाभर रेडिओवर, बसच्या पाठीवर, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दारावर तेच चाललं होतं, सही करा, आजची तारीख घाला. माझ्या मागे बाबागाडी घेऊन एक बाई उभी होती. ती म्हणाली, "अडकलं का हो?" मी म्हटलं, "छे, नाही." आणि एका बोटाने पाकीट आत ढकललं.

पडल्याचा आवाज झाला नाही. पेटी भरत आली असावी. पाकीट दुसऱ्या पाकिटांवर अलगद जाऊन बसलं असावं, माझ्यासारख्यांच्या पाकिटांवर, कारण आमच्या भागात दहातली नऊ मतं एकाच बाजूची असतात. माझंही पाकीट त्यात होतं, पाच मिनिटांपूर्वी टाकलेलं, तारखेसकट बिनचूक. घर तिथून नऊ मिनिटांवर. पाकीट पर्समध्ये टाकून परत जायचं, "पॉप, हे बघा काय केलंत," म्हणायचं, त्यांनी कपाळावर हात मारायचा, खोडून नीट तारीख घालायची, की झालं. हे मला तेव्हाही माहीत होतं. चालताना मी पायांकडे बघत राहिले; फरशीवर जिंकोच्या झाडांची पिवळी पानं चिकटली होती आणि चिरडलेल्या फळांचा तो आंबूस घाण वास. कारणं नंतर आली, नातेवाइकांसारखी, जेवणाच्या वेळेला. त्यांचं एक मत गेल्याने काय बिघडतं. त्यांची बाजू जिंकली की इस्पितळात माझ्या खिडकीवर कोणकोण येईनासं होतं ते मी बघितलंय. आणि शेवटी, मी कुठे काही केलं, मी तर फक्त टाकलं. शेवटचं कारण सगळ्यांत जास्त खाऊन गेलं.

वडील माझ्याकडे आले ते आई गेल्यावर आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यावर, सव्वा वर्षापूर्वी. आमचं गाव इथून तीन तासांवर, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात. शेड ग्रोव्ह म्हणतात. चारशे माणसं, दोन चर्च, एक बंबखाना. त्यांनी आयुष्यभर गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला आणि अठ्ठावीस वर्षं निवडणुकीच्या टेबलाचे प्रमुख म्हणून बसले. शहरात आल्यावर आठवडाभर त्यांनी पाण्याला पोहण्याच्या तलावाची चव येते एवढंच सांगितलं. मग समोरच्या खिडकीत खुर्ची ओढून बसले. शेजारच्या घरातल्या मिस अर्नेस्टीन गॅड्सडेन पायऱ्या झाडत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "बसायला आलात की नजर ठेवायला?" वडील म्हणाले, "नजर ठेवण्यासारखं आहे का काही?" त्या म्हणाल्या, "मी आहे ना." सत्त्याहत्तर वर्षांच्या, काळ्यासावळ्या, पाठ ताठ, गल्लीतल्या पाच पोरांना नावानिशी ओरडणाऱ्या. त्यांचे आईवडील साऊथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरून इकडे आले होते. आणि इथल्या मतदानकेंद्राच्या त्या प्रमुख, बत्तीस वर्षं. हे कळलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा टोपी काढली. त्यानंतर दोघांचं रोज चालायचं, मागच्या अंगणात, जिथे पायऱ्या नव्हत्या, कुंपणाच्या दोन बाजूंनी. सही जुळली नाही तर तुम्ही काय करायचात, मतदार आंधळा असेल तर आत कोणाला सोडायचात. राजकारण आलं की मिस अर्नेस्टीन म्हणायच्या, "मिस्टर हॅकनबर्ग, तुमच्याकडे गायीही मत देतात म्हणे." वडील म्हणायचे, "दिलं असतं तर बरं झालं असतं मिसेस गॅड्सडेन. गाय टीव्ही बघत नाही." त्यांना मत द्यायचं होतं ते गावातच. मिस अर्नेस्टीननीच त्यांना सांगितलं, जिथे झोपता तिथे मत. वडील म्हणाले, "मी झोपतो कुठे? मी जागाच असतो." पण कागद भरले. पुढच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या म्हणून टपालाने पाकीट मागवलं, ज्या टपालमताला ते जन्मभर नावं ठेवत आले. मत भरताना त्यांनी मला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि टेबलावर वर्तमानपत्र उभं करून आडोसा केला, जसा गावच्या बंबखान्यात मतदानाला पडदा असायचा. आजारी माणसाचं पाकीट दुसऱ्याने टाकायचं तर वेगळा कागद लागतो, मी अमुक, माझं पाकीट तमुकच्या हाती देतो. तिथे त्यांनी लिहिलं, डार्ला जीन हॅकनबर्ग. आणि पुढे, कोणी विचारलं नसताना, जागा नसताना, बारीक अक्षरात, मुलगी. "नीट टाक," म्हणाले. "दुमडू नकोस."

बंबखान्यात निवडणुकीच्या दिवशी बंब बाहेर अंगणात काढत आणि आतल्या रिकाम्या जागेत टेबलं लागत. तेलाचा, ओल्या रबराचा वास, आणि त्यात तळघरातून येणारा कोंबडी-मक्याच्या सुपाचा वास. सूप गावातल्या बायका करत, आई त्यांत पुढे. मत देऊन माणूस खाली उतरायचा, वाटी घ्यायचा, आणि खाली राजकारण बोलायचं नाही असा आईचा दंडक होता. मला शाळेला सुट्टी. मी दहा वर्षांची असल्यापासून वडिलांशेजारी स्टुलावर बसायची आणि कोऱ्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यातला एकेक कागद तपासून द्यायची. वडिलांनी शिकवलं होतं, कागद हातात आला की दोन्ही बाजू बघायच्या. एक बाजू बघून सोडतो तो आळशी, आणि दोन्ही न बघता सोडतो तो लबाड. मी बघायची. उलटून, उजेडात धरून. आजही बघते, हॉटेलचं बिल, औषधाची चिठ्ठी, टिश्यूपेपरसुद्धा. संध्याकाळी मोजणी झाली की आकड्यांची पट्टी दारावर बाहेरून चिकटवत. आमच्या गावात दुसऱ्या बाजूला दरवेळी अकरा मतं पडत. अकरा कोण ते गावाला पाठ होतं. संगीत शिकवणाऱ्या बाईंचं घर, तलावाकाठचे ते दोघे, निवृत्त पाद्री, असे. एका वर्षी हिमवादळात संगीताच्या बाई आल्या नाहीत, तर वडील बर्फाचा ट्रक घेऊन चार मैल गेले आणि त्यांना आणून परत सोडलं. आई म्हणाली, "अहो, त्या आपल्या विरुद्ध देतात." वडील म्हणाले, "म्हणूनच गेलो. आपल्यातलं कोणी अडकलं असतं तर कोणीही गेलं असतं." मी अठराची झाल्यावर पहिल्यांदा पडद्याआड गेले. त्या संध्याकाळी पट्टीवर बारा होते. रस्त्यात कोणी काही बोललं नाही. गावात न बोलण्याची पद्धत फार बोलकी असते. सकाळी वडिलांनी माझ्या ताटलीत अंडं वाढलं आणि म्हणाले, "बारा झाले." एवढंच. राग होता की काय होतं ते तेहतीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, त्या आवाजात मोजणाऱ्याचं समाधान होतं, गठ्ठा बरोबर निघाल्याचं.

मग मी शहरात आले, लग्न केलं, मोडलं, राहिले. गेली आठ-दहा वर्षं निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर नकाशा यायचा. आमचं राज्य म्हणजे लाल चादर, वडिलांच्या बाजूची, आणि दोन टोकांना शाई सांडल्यासारखे निळे डाग, माझ्या बाजूचे. मी त्या डागात बसून चादरीतलं आमचं खोरं शोधायची. तिकडे वडील चादरीत बसून डाग बघत असणार. रविवारचा फोन असायचा. आधी भांडायचो, मग भांडण टाळायला हवामान बोलायचो, आणि शेवटी हवामानही जपून, कारण त्यातही बाजू निघायला लागल्या. आई दुसऱ्या फोनवरून मधेच म्हणायची, "डार्ला, मी तुझी ती निळी वाटी अजून ठेवलीय हं." आई गेली तेव्हा चर्चच्या तळघरात सूप होतं. एक बाई, जिने मला शिवण शिकवलं होतं, माझ्या हातात वाटी देत म्हणाली, "तुमच्याकडे शहरात आता सगळं चालतं ना?" मी वाटी घेतली. सूप आईच्याच हाताचं लागलं, आणि मी ते सगळं प्यायले. पेटीपाशी माझं बोट पुढे झालं त्या बोटात ती बाई होती का, मला सांगता येत नाही. असेल. पण वडिलांनी मला तसं कधीच काही म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त मोजलं होतं.

पाकीट टाकून घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "टाकलंस?" मी म्हटलं, "टाकलं." त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेली अर्धी सफरचंदाची वडी पुढे केली. पुढचे बारा दिवस मी त्यांची नखं कापली, पायाला मलम चोळलं, त्यांना आवडतात तसे बटाटे सालीसकट परतले. इतके दिवस ओळीने बटाटे मी कधी केले नव्हते. ते म्हणाले, "काय गं, मी मरतोय की काय? डॉक्टरने तुला सांगितलंय का काही?"

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी मिस अर्नेस्टीन चर्चमधून थेट आमच्याकडे आल्या, डोक्यावर जांभळी टोपी, हातात घडी केलेला कागद. मी कॉफी ओतत होते. "मिस्टर हॅकनबर्ग," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत आहे. पाकीट बाद झालंय."

"कसली यादी?"

"चुकलेल्या पाकिटांची. आमच्या पक्षाने वाटलीय, आमच्या लोकांना गाठून दुरुस्त करून घ्या म्हणून. तुम्ही आमचे नाही, माहितीये मला. पण माझ्या गल्लीत राहता. मंगळवारी केंद्रावर या, बाद पाकिटाच्या बदल्यात कच्चं मत घेते तुमचं. ते मोजतात."

"चुकलंय काय?"

"तारीख."

वडिलांनी कप खाली ठेवला. "मी तारीख चुकलो?" ते म्हणाले. मिस अर्नेस्टीनकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघून. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना तारीख सांगितली." मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "अहो, सत्तर नावं आहेत आपल्याच भागातली. माझा भाऊ आहे त्यात, तो तर गणिताचा मास्तर होता." पण वडील ऐकत नव्हते. ते आठवत होते, मला दिसत होतं, टेबल, वर्तमानपत्राचा आडोसा, पेन. मग त्यांचे डोळे माझ्याकडे आले. रागाने नाही. हिशोब न लागलेला माणूस शेजाऱ्याच्या वहीकडे बघतो तसे.

"पाकीट तू नेलंस."

"हो."

"तू बघितलं नसशील."

एवढा मोठा दरवाजा त्यांनी माझ्यासाठी उघडून धरला होता आणि मी त्यातून गेले. "नाही पॉप," मी म्हटलं, "नाही बघितलं." कॉफी बशीत सांडली. मिस अर्नेस्टीननी फडकं घेऊन पुसली आणि म्हणाल्या, "मंगळवारी दहाला. चाकाची खुर्ची मी चर्चमधून आणते. आणि मिस्टर हॅकनबर्ग, टोपी घालून या, थंडी आहे."

मंगळवारी त्यांनी सूट घातला, आईच्या अंत्यविधीचा. आमचं केंद्र पालिकेच्या व्यायामशाळेत आहे. मुष्टियुद्धाचं रिंगण भिंतीला सरकवून ठेवतात आणि दोऱ्यांवर कोणीतरी बाळाचं दुपटं वाळत घालावं तसे कोट टाकलेले असतात. रांग दारापर्यंत होती. एका दाढीवाल्या मुलाने खुर्ची बघून वाट दिली, "या आजोबा, पुढे व्हा." मग पुढच्यानेही दिली, मग त्याच्या पुढच्याने. सगळ्या रांगेतून आम्ही असे गेलो. तिथे प्रत्येकाला कळत असणार हा म्हातारा कुठल्या बाजूचा आहे. डोंगरातली माणसं बोलली नाहीत तरी कळतात. वडिलांनी इकडेतिकडे बघितलं, टेबलं, मतदारांच्या नावांची वही, पडदे, आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या देशात स्वतःच्या गावचा माणूस भेटावा तसा. "सूप नाही?" त्यांनी विचारलं. मिस अर्नेस्टीन टेबलामागून म्हणाल्या, "सूप नाही. प्रेट्झल आहे. मोहरीचा सॉस लावून देऊ?" "नंतर," वडील म्हणाले. "आधी काम."

कच्च्या मताला दोन पाकिटं, दोन सह्या आणि तारीख लागते. वडिलांना पडद्यामागे मी सोडलं आणि दूर जाऊन उभी राहिले. मिस अर्नेस्टीनचे वडील साऊथ कॅरोलायनात तीनदा नाव नोंदवायला गेले होते. तिथला कारकून राज्यघटनेतलं पान वाचून दाखव म्हणायचा आणि पुरं व्हायच्या आत पुस्तक मिटायचा. इथे येऊन एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहिलं मत दिलं, तेही सुटात. हे मिस अर्नेस्टीननी कुंपणावर माझ्या वडिलांना सांगितलं होतं. मी धुणं वाळत घालत होते. वडिलांनी कुंपणाची फळी हाताने चाचपली. मग म्हणाले, "पुस्तक मिटायचा तो माणूस कोण होता, त्याचं नाव आहे का तुमच्याकडे?" जसं काही ते अजूनही त्याची तक्रार करणार होते.

ते पडद्याबाहेर आले. टेबलाशी सही केली. तारखेच्या रकान्यावर पेन थांबलं. मी जवळ होते, वाकलेच होते, तारीख जिभेवर होती. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मिसेस गॅड्सडेन, आज तारीख काय?" त्यांनी सांगितली. वडिलांनी लिहिली, एकेक आकडा उभा. पाकीट चिकटवलं. मी हात पुढे केला, सवयीने, जसा बंबखान्यात गठ्ठा घ्यायला करायची. पाकीट माझ्या हाताच्या वरून गेलं, घाई न करता, आणि मिस अर्नेस्टीनच्या हातात पडलं. माझा हात टेबलावर तसाच राहिला. मग मी त्याने कोणाच्या तरी प्रेट्झलच्या पावावरून सांडलेलं मीठ गोळा केलं. परत येताना खुर्ची ढकलत होते तर वडील पुढे बघत म्हणाले, "दोन्ही बाजू बघतेस तू. लहानपणापासून." मी ऐकलं नाही असं केलं. रस्त्यावर पुरेसा आवाज होता, तशी सोय शहरात असते.

कोण जिंकलं ते सांगण्यात अर्थ नाही. आमच्या घरात कोणी जिंकलं नाही. वडील तसेच राहिले. मला "लेकी" म्हणतात, माझ्या उशिरा येण्यावर कुरकुरतात, नखं कापून घेतात. एकदाच मी म्हटलं, "पॉप, ते पाकीट..." तर ते म्हणाले, "बर्फ पडणार आहे आज." आणि पडला. हवामान आमच्याकडे परत आलं.

फेब्रुवारीत वसंतातल्या मतदानाचे कागद आले. मी कामावरून आले तेव्हा साखरेच्या भांड्याखाली एक कागद होता, भरलेला. मी, मर्ल हॅकनबर्ग, माझं पाकीट हिच्या हाती देतो. अर्नेस्टीन गॅड्सडेन. आणि पुढे, जागा नसताना, बारीक अक्षरात, शेजारी. खाली सही आणि तारीख. बरोबर होती. नेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती. वडील खिडकीत बसले होते, पाठमोरे. "शेजारी नेऊन दे तेवढा," म्हणाले. "मला पायऱ्या होत नाहीत."

मिस अर्नेस्टीन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "हे काय गं? तू घरात असताना मी कशाला?" त्यांच्या घरात तमालपत्राचा वास असतो. मी म्हटलं, "मी बघितली होती ती तारीख. पेटीपाशी. बघितली आणि ढकललं." तांदळातला त्यांचा हात थांबला. मी वाट बघत होते, चार गोष्टी सुनावतील, किंवा दोन्ही हातांत माझं तोंड धरतील. दोन्ही मला चाललं असतं. त्या खूप दमलेल्या दिसल्या. "त्यांना सांगितलंस?"

"त्यांना माहितीये."

"मी ते नाही विचारलं."

त्यांनी ड्रॉवरमधून पेन काढलं, चाललं नाही, दुसरं काढलं, सही केली, तारीख घातली. कागद माझ्याकडे देताना तो क्षणभर घट्ट धरून ठेवला, मग सोडला. "जा," म्हणाल्या. "भात झाला की पाठवते त्यांना."

मी घरी आले. वडिलांच्या समोर उभी राहून म्हटलं, "पॉप, मी बघितली होती." त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला. आधी पुढची बाजू वाचली, वरपासून खालपर्यंत, मिस अर्नेस्टीनच्या सहीवर अंगठा फिरवला. मग कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.